उबुंटू २२.०४ चं २४.०४ केलं आणि लॅपटॉप काळ्या पडद्यावरच अडकला (सुटलं)

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ८:५०

नमस्कार. काल रात्री लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) २२.०४ चं २४.०४ केलं आणि तेव्हापासून तो सुरूच होत नाहीये. बटण दाबलं की कंपनीचा लोगो येतो, जातो, आणि पडदा काळा. पंखा फिरतोय, बाकी काही हलत नाही. एकदा तर वीस मिनिटं तसाच ठेवून वाट पाहिली. शेवटी बटण दाबून धरून बंद केला. असं चार वेळा झालं.

लॅपटॉप २०१७ चा आहे. इंटेल आय-५ सातवी पिढी, ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं ९४०एमएक्स कार्ड. मूळची हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी बसवली आहे. २०२० साली २०.०४ टाकलं, तेव्हा डिस्क एन्क्रिप्ट करायची खूण केली होती, म्हणजे चालू करताना आधी एक पासफ्रेज द्यावा लागतो. नंतर २२.०४ केलं, ते सुरळीत झालं होतं. या वेळी अगदी शेवटी काहीतरी एरर आल्याचं म्हणाला, पण लगेच रीस्टार्ट करू का विचारलं म्हणून मी हो म्हटलं.

माझा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवर आहे. शिरोळ तालुक्यातल्या गावांत तीन वर्षं फिरून केलेली २१२ ध्वनिमुद्रणं या लॅपटॉपवर आहेत. त्यातल्या दोन आजी आता हयात नाहीत. पेनड्राइव्हवर मार्चपर्यंतचंच काढून ठेवलेलं आहे. गुरुवारी प्रत छपाईला द्यायची आहे. प्रबंध एक वेळ पुन्हा लिहीन, पण ते आवाज परत मिळणार नाहीत.

मोबाईलवरून लिहितेय, चुका समजून घ्या.

सातपुडा | शनिवार, सकाळी ९:१५

ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट: कोणी कितीही सांगितलं तरी पुन्हा इन्स्टॉल करायला जाऊ नका. तुमचा डेटा बहुतेक जसाच्या तसा आहे. अपग्रेड बिघडलं म्हणून होम फोल्डर पुसलं जात नाही.

दुरुस्ती नंतर. आधी ध्वनिमुद्रणं बाहेर काढा. शेजारीपाजारी कोणाच्या कॉम्प्युटरवर २४.०४ चा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून इन्स्टॉल न करताच सिस्टिम चालते) बनवून घ्या, किमान ८ जीबीचा. त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि «वापरून पाहा» हा पर्याय निवडा, इन्स्टॉल नव्हे. मग फाइल्सच्या खिडकीत डाव्या बाजूला तुमची कुलूप लावलेली डिस्क दिसेल. तिच्यावर क्लिक केलं की पासफ्रेज मागेल. तो दिला की तुमचं होम फोल्डर उघडतं. दुसरी बाहेरची डिस्क लावा आणि सगळं कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोनचार ध्वनिमुद्रणं तिथेच वाजवून बघा, नुसत्या फाइलच्या आकारावर विश्वास ठेवू नका.

रानजाई | शनिवार, सकाळी ९:३२

वरच्या प्रतिसादाशी सहमत, आधी बॅकअप. त्यानंतर जुना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, वापरून बघा. अपग्रेड झालं तरी आधीचे कर्नल काही काळ डिस्कवर राहतात.

लोगो दिसला की एस्केप एकदा दाबा. ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू येईल, त्यात दुसरी ओळ «अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स» ची. तिथे कर्नलची यादी असते. नवा ६.८ ने सुरू होणारा, जुना ५.१५ ने. जुना निवडा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी नुसतं ग्रब लिहिलेली काळी ओळ येते. घाबरू नका. तिथे «नॉर्मल» असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदा एस्केप, मेनू परत येतो.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी २:०५

शेजारच्या काकांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह बनवला. डिस्क दिसली, पासफ्रेज घेतला, फोल्डर उघडलं. सगळी २१२ आहेत. भावाच्या हार्ड डिस्कवर कॉपी केली आणि पंधरा वाजवून पाहिली. अकिवाटच्या आजींचं शेवटचं ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकलं, मागे जात्याची घरघर आहे तशी येतेय. सकाळपासून घशाखाली घास उतरत नव्हता, आता जेवले.

मग रानजाईंनी सांगितलं तसं केलं. जुन्या ५.१५ ने पासफ्रेज मागितला, तो घेतला, पडद्यावर उबुंटूचं चिन्ह फिरलं आणि मग परत काळा पडदा. फक्त वर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. लॉगिनचा पडदा आलाच नाही.

मध्यरात्र | शनिवार, दुपारी २:२०

९४०एमएक्स म्हणजे एनव्हिडियाचाच घोळ, शंभर टक्के. माझ्याकडेही असंच झालं होतं. ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर असताना «ई» दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी स्पेस देऊन «नोमोडसेट» (म्हणजे ग्राफिक्स साध्या पद्धतीने चालव) लिहा आणि एफ-१० दाबा. आत गेलात की ड्रायव्हर काढून परत टाका.

कृष्णाकाठ | शनिवार, दुपारी ३:१०

नोमोडसेट दोनदा करून पाहिलं, स्पेलिंग पुतणीकडून तपासून घेतलं. नव्या कर्नलवर काडीचाही फरक नाही. तसाच काळा.

पिंपळपार | शनिवार, दुपारी ३:२५

डेटा निघालाय ना? मग दोन दिवस कशाला घालवता, फॉरमॅट करून २४.०४ नव्याने टाका. पाऊण तासाचं काम.

सातपुडा | शनिवार, दुपारी ३:४०

पाऊण तास इन्स्टॉलचा. त्यानंतर संदर्भसूचीचं सॉफ्टवेअर, फाँट, मराठी कीबोर्ड, वर्षानुवर्षं बसवलेल्या सगळ्या सेटिंगा. गुरुवारी छपाई असलेल्या माणसाला हा सल्ला मी देणार नाही. शिवाय यंत्र अजून बोलतंय. जुन्या कर्नलला पासफ्रेज घेता येतोय, म्हणजे डिस्क, एन्क्रिप्शन, ग्रब हे सगळं जागेवर आहे.

जुना_टर्मिनल | शनिवार, सायंकाळी ५:०५

धागा पहिल्यापासून वाचला. माझ्या मते इथे दोन वेगळे बिघाड आहेत आणि आपण दोन्हींना एकच समजून औषध देतोय. जुना कर्नल पासफ्रेजच्या पुढे जाऊन लॉगिनच्या आधी अडकतो. तो ग्राफिक्सचा प्रश्न असू शकतो, मध्यरात्र म्हणतात तसा. पण नवा कर्नल? त्याबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही.

कृष्णाकाठ, उपाय काही करू नका, फक्त तीन गोष्टी बघून सांगा.

नव्या कर्नलने पडदा काळा होण्याआधी पासफ्रेज मागितला जातो का?

पडदा काळा असताना कॅप्स लॉकचा दिवा काय करतोय?

आणि ग्रबमध्ये नव्या कर्नलच्या ओळीवर «ई» दाबून जे पान येतं, त्यात शेवटी शेवटी लिनक्सने सुरू होणारी एक लांब ओळ असते. तिच्या खाली आणखी एक ओळ असायला हवी, इनिटआरडी या शब्दाने सुरू होणारी. ती आहे का? तिथेच असताना लांब ओळीच्या शेवटचे «क्वायट», «स्प्लॅश» आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं «व्हीटी-हँडऑफ» हे तीन शब्द पुसा आणि एफ-१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, कायमचं काही बदलत नाही. काय अक्षरं दिसतात त्याचा फोटो काढून ठेवा.

कृष्णाकाठ | शनिवार, सायंकाळी ६:३०

पासफ्रेज मागत नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं, नव्या कर्नलने एकदाही मागितलेला नाही. मी घाबरून पडद्याकडेच बघत होते.

कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय! हे पुतणीने सकाळीच सांगितलं होतं, «आत्या, हा दिवा उघडझाप करतोय», आणि मी तिला बाजूला बस म्हटलं. सेकंदाला एकदोनदा, एकसारखा.

इनिटआरडीची ओळ नाही. जुन्या कर्नलवर «ई» दाबून ताडून पाहिलं, तिथे आहे. नव्याला लिनक्सच्या ओळीनंतर थेट महिरपी कंस बंद होतो.

तीन शब्द पुसल्यावर भराभर अक्षरं गेली आणि थांबली. शेवटच्या ओळींत लिहिलंय: कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०).

जुना_टर्मिनल | शनिवार, सायंकाळी ६:५५

पुतणीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिने सकाळीच निदान केलं होतं. कर्नल पॅनिक झालं, म्हणजे कर्नलने हात टेकले, की लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा तो मुद्दाम लुकलुकवतो. पडद्यावर काही दाखवता आलं नाही तरी निदान हे कळावं म्हणून. तुमच्या पडद्यावर संदेश दिसत नव्हता कारण क्वायट, स्प्लॅश आणि हँडऑफ मिळून अक्षरांवर पडदा टाकत होते.

आता झालंय काय ते सांगतो. ग्रब दोन फाइली मेमरीत आणतो. एक स्वतः कर्नल, दुसरी इनिटआरडी. दुसऱ्या फाइलीत डिस्क उघडायची सगळी हत्यारं असतात: पासफ्रेज विचारणारा कार्यक्रम, एन्क्रिप्शन उलगडणारं क्रिप्टसेटअप, एलव्हीएमचे, म्हणजे डिस्कच्या आतल्या विभागणीचे, भाग शोधणारी साधनं. तुमची मूळ डिस्क, म्हणजे सिस्टिम असलेली, कुलपात आहे. कर्नल एकटा आला, हत्यारांची पेटी आलीच नाही, मग तो कुलपाशी उभा राहून काय करणार? म्हणून पासफ्रेज विचारलाच गेला नाही. अननोन-ब्लॉक (०,०) चा अर्थ एवढाच की त्याला मूळ डिस्क म्हणून काहीही सापडलं नाही. नोमोडसेटने फरक पडणार नव्हता, कारण गोष्ट ग्राफिक्सपर्यंत पोचलीच नाही.

मग पेटी का बनली नाही? बहुतेक वेळा एकच कारण असतं: बूट पार्टिशन भरलेलं. एन्क्रिप्ट करून टाकलेल्या उबुंटूत बूट हा वेगळा, छोटा भाग असतो, २०.०४ च्या वेळी साधारण ७०० एमबीचा. बाकी एसएसडीवर १०० जीबी मोकळी असली तरी इथे उपयोग नाही. अपग्रेड करताना जागेबद्दल काही विचारलं होतं का?

कृष्णाकाठ | शनिवार, सायंकाळी ७:१०

हो, विचारलं होतं. हे मी पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. अपग्रेड सुरू होतानाच म्हणाला की बूटमध्ये जागा कमी आहे, इतकी मोकळी करा. नेटवर एका ठिकाणी सांगितलं होतं की नावाच्या शेवटी «ओल्ड-डीकेएमएस» असलेल्या फाइली जुन्या असतात, त्या काढल्या तर चालतात. त्या दोन काढल्या. मग त्याने मुकाट्याने पुढे काम चालू केलं.

जुना_टर्मिनल | शनिवार, सायंकाळी ७:३५

त्या दोन फाइली काढल्यात त्यात काही चुकलं नाही. त्या खरंच मागे राहिलेल्या प्रती असतात. पण अपग्रेडर जागेचा अंदाज बांधतो तो अंदाजच असतो, आणि नवी पेटी जुन्यापेक्षा मोठी निघू शकते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असला की तर नक्कीच.

आता जुन्या कर्नलने आत शिरा, पण ग्राफिक्सच्या वाटेला न जाता. ग्रबमध्ये ५.१५ च्या ओळीवर «ई», लिनक्सच्या लांब ओळीच्या शेवटी स्पेस आणि इंग्रजी ३ चा आकडा, एफ-१०. पासफ्रेज दिल्यावर नुसत्या अक्षरांचा लॉगिन येईल. नाव द्या, पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना ठिपकेही दिसत नाहीत, तसंच टाइप करत राहा.

कमांड मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. आधी फक्त बघायच्या दोन:

डीएफ -एच /बूट
एलएस -एलएच /बूट

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ८:४०

आत गेले! काळ्या पडद्यावर का होईना, माझं नाव दिसलं.

पहिलीचं उत्तर: एकूण ७०४ एमबी, वापरलेली ५३५, मोकळी १३४, ८० टक्के.

दुसरीत इनिटआरडीच्या चार फाइली: ५.४ च्या दोन, प्रत्येकी ८४ एमबी. ५.१५ च्या दोन, प्रत्येकी १२८ एमबी. ६.८ ची एकही नाही. पण ६.८ चा कर्नल, व्हीएमलिनझ नावाने, आहे.

सातपुडा | शनिवार, रात्री ८:५०

१३४ एमबी मोकळी आहे की. मग जागेचा प्रश्न नाही म्हणायचा. इनिटआरडी दुसऱ्या कशामुळे बनली नसेल?

जुना_टर्मिनल | शनिवार, रात्री ९:१५

सातपुडा, इथेच भले भले फसतात, मीही एकदा पूर्ण संध्याकाळ यात घालवली आहे. इनिटआरडी लिहिताना ती आधी शेवटी «न्यू» लावलेल्या तात्पुरत्या नावाने लिहिली जाते. मध्येच जागा संपली की ती अर्धवट फाइल पुसून टाकली जाते. म्हणजे आपण नंतर बघायला जातो तेव्हा तीच जागा परत मोकळी दिसते. १३४ एमबी मोकळी आहे याचा अर्थ इतकाच की पेटी १३४ मध्ये मावली नाही. ५.१५ ची १२८ ची आहे, ६.८ ची त्याहून मोठी असणार.

अंदाजावर राहायला नको, पुरावा डिस्कवरच आहे. अपग्रेडची सगळी बडबड एका फाइलीत लिहिलेली असते. हे टाका:

सुडो ग्रेप -आय स्पेस /वार/लॉग/डिस्ट-अपग्रेड/ॲप्ट-टर्म.लॉग

यातला «स्पेस» म्हणजे इंग्रजी स्पेस हा शब्दच, मोकळी जागा नव्हे.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:३०

सापडलं. ओळ अशी आहे: झेडएसटीडी, एरर ७०, राइट एरर, कॅनॉट राइट ब्लॉक, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. अगदी हेच तर शेवटी लाल अक्षरांत झर्रकन गेलं होतं!

सातपुडा | शनिवार, रात्री ९:३४

मान्य. हे मला माहीत नव्हतं, लिहून ठेवलं.

जुना_टर्मिनल | शनिवार, रात्री १०:००

छान. आता दुरुस्ती. ५.४ चे दोन कर्नल २०.०४ च्या काळातले आहेत, त्यांची आता गरज नाही. ते गेले की साधारण २०० एमबी मोकळे होतील. ५.१५ च्या दोन्हींना हात लावायचा नाही, त्यातल्याच एकावर तुम्ही आत्ता उभ्या आहात. खात्रीसाठी «यूनेम -आर» टाका, जो आकडा येईल तो पवित्र समजा.

इथे एक पेच येतो, तो आधीच सांगतो म्हणजे घाबरायला होणार नाही. तुम्ही ॲप्टला, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामला, म्हणाल की ५.४ काढ. ॲप्ट म्हणेल, आधीचं अर्धवट काम पूर्ण कर, मग काढतो. अर्धवट काम पूर्ण करायला जाल तर ते म्हणेल जागा नाही. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. म्हणून ॲप्टला बाजूला ठेवून त्याच्या हाताखालच्या डीपीकेजीशी थेट बोलायचं. ५.४ च्या पॅकेजांची नावं आधी बघा:

डीपीकेजी -एल | ग्रेप ५.४.०

लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स, लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा अशी तीन-तीन दिसतील. मग एकाच ओळीत सगळी सहा नावं देऊन:

सुडो डीपीकेजी --पर्ज (सहा नावं)

बूटमधल्या फाइली हाताने «आरएम» ने पुसू नका. फाइल जाते, पण पॅकेजच्या वहीत कर्नल आहे असंच राहतं, आणि पुढच्या अपडेटला त्याच कर्नलची पेटी परत बनवायचा प्रयत्न होतो. डीपीकेजी कर्नल काढतो तेव्हा त्याची इनिटआरडीही काढतो आणि ग्रबची यादीही नवी करतो.

ते झालं की:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

याला पाचदहा मिनिटं लागतील. मध्ये हालचाल दिसली नाही तरी बटणाला हात लावू नका. चार्जर लावून ठेवा.

रानजाई | शनिवार, रात्री १०:०८

यानंतर «सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल» लागेल, त्याला इंटरनेट हवं. अक्षरांच्या पडद्यावर वायफाय जोडणं किचकट असतं. त्यापेक्षा फोन केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा दुसरं काही न करता नेट चालू होतं.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११:४५

पुतणी नावं वाचून दाखवत होती, मी टाइप करत होते. सहा नावं बिनचूक टाकायला तीन प्रयत्न लागले. खरंच आधी ॲप्टने नकार दिला (मी आधी तेच करून पाहिलं), डीपीकेजीने मुकाट काढले.

कॉन्फिगरला आठ मिनिटं लागली. मध्ये «जनरेटिंग /बूट/इनिटआरडी.आयएमजी-६.८.०-४५-जेनेरिक» या ओळीवर बराच वेळ थांबलं होतं, तेव्हा पुतणी आणि मी दोघी एकमेकींचा हात धरून बसलो होतो. मग ओळ पुढे सरकली. टेदरिंग केलं, -एफ इन्स्टॉलही झालं.

आता बूटमध्ये ६.८ ची इनिटआरडी आहे: १७१ एमबी. म्हणजे १३४ मध्ये ती मावणारच नव्हती. १६७ एमबी मोकळी उरली.

रीस्टार्ट करू?

जुना_टर्मिनल | शनिवार, रात्री ११:५२

एक मिनिट. «सुडो अपडेट-ग्रब» टाका आणि बघा, प्रत्येक «फाउंड लिनक्स इमेज» च्या खाली त्याच आकड्याची «फाउंड इनिटआरडी इमेज» ही ओळ येतेय का. ६.८ ला जोडी मिळाली असेल तर खुशाल करा.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १२:२०

पासफ्रेज मागितला.

एवढंच लिहून थांबले होते, कारण डोळे भरून आले. लॉगिनचा पडदा आला, डेस्कटॉप आला, प्रबंधाचं फोल्डर जिथल्या तिथे. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे, आणि हा प्रतिसाद लॅपटॉपवरूनच लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार. उरलेलं उद्या सांगते.

मध्यरात्र | रविवार, सकाळी ७:४०

फार आनंद झाला. शंभर टक्के म्हटलं ते मागे घेतो. पण जुन्या कर्नलवर लॉगिन का येत नव्हतं ते अजून उलगडलेलं नाही, ते कोणी सांगेल का?

जुना_टर्मिनल | रविवार, सकाळी ९:२०

तिथे तुमचा अंदाज बरोबर दिशेने होता, असं वाटतं. अपग्रेडने एनव्हिडियाच्या वरच्या भागाची, म्हणजे लायब्ररींची, नवी आवृत्ती बसवली. जुन्या कर्नलसोबत मात्र ड्रायव्हरचं जुनंच मॉड्यूल राहिलं. एनव्हिडियाला या दोन्हींचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळलेला लागतो, नाहीतर मॉड्यूल बोलायलाच नकार देतं. तसं असेल तर त्या वेळच्या कर्नलच्या नोंदींत «एपीआय मिसमॅच» असे शब्द सापडतील. कृष्णाकाठ, सवडीने हे बघा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी -२ | ग्रेप -आय मिसमॅच

-२ म्हणजे दोन वेळा आधीचं सुरू होणं. नाही सापडलं तर -३, -४ करून बघा.

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ११:०५

-३ ला सापडलं, एपीआय मिसमॅच, आणि पुढे दोन वेगवेगळे आकडे.

एक अडचण अजून आहे. काम सगळं चालतंय, पण बाहेरचा मॉनिटर लावला तर काहीच दिसत नाही. माझ्या लॅपटॉपवर एचडीएमआय एनव्हिडियातून जातं असं मागे एकदा कोणी सांगितलं होतं. «एनव्हिडिया-एसएमआय» टाकलं तर ड्रायव्हरशी संपर्क होत नाही म्हणतो. शिवाय आज सकाळी सुरू करताना निळा पडदा आला होता, कोणतीही कळ दाबा असं काहीतरी होतं, मी वाचेपर्यंत गेला.

रानजाई | रविवार, सकाळी ११:२०

तो निळा पडदाच महत्त्वाचा होता. तुमच्याकडे सिक्युअर बूट चालू आहे. या यंत्रावर तयार झालेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नल तेव्हाच आत घेतो, जेव्हा त्याच्यावरची सही तुम्ही स्वतः मान्य केलेली असते. अपग्रेडमध्ये कुठेतरी त्याने तुमच्याकडून एक छोटा पासवर्ड ठरवून घेतला असेल. तो पासवर्ड त्या निळ्या पडद्यावर द्यायचा असतो, आणि पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो.

परत आणता येतो:

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /वार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर

(मोक म्हणजे यंत्राच्या मालकाची, सही तपासायची किल्ली. फाइलच्या नावात मोक ही तीन अक्षरं मोठ्या लिपीत, फोल्डरच्या नावात लहान.) नवा पासवर्ड विचारेल, सोपा ठेवा, एकदाच लागतो. रीस्टार्ट करा आणि पडद्यासमोरून हलू नका. निळा पडदा आला की कोणतीही कळ, मग «एनरोल मोक», «कंटिन्यू», «येस», पासवर्ड, आणि रीबूट.

सिक्युअर बूट बंद करा असं सांगणारे भेटतील. त्यानेही चालेल, पण दोन मिनिटांच्या कामासाठी लॅपटॉपचं एक संरक्षण कायमचं कशाला काढायचं?

कोकणवाट | रविवार, दुपारी १:१५

या धाग्यातच विचारतो. माझंही नेमकं हेच झालंय, पॅनिक, कॅप्स लॉकचा दिवा, सगळं. फरक एवढाच की माझ्याकडे जुना कर्नल एकही शिल्लक नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून आत जाऊन, क्रूट करून (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरून) इनिटआरडी बनवली. कमांडने काही तक्रार केली नाही. तरी पासफ्रेज मागत नाही, थोड्या वेळाने इनिट्रॅमएफएसची (म्हणजे इनिटआरडीचीच) काळी ओळ येते. एन्क्रिप्टेडच आहे.

जुना_टर्मिनल | रविवार, दुपारी १:५०

तुम्ही डिस्क फाइल्सच्या खिडकीत क्लिक करून उघडली होती का? मग ती «लक्स» आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावाने उघडते. तुमच्या मूळ सिस्टिममध्ये ईटीसी फोल्डरात क्रिप्टटॅब नावाची फाइल आहे, तिच्यात मात्र दुसरं नाव लिहिलेलं असेल, एसडीए३_क्रिप्ट किंवा तत्सम. इनिटआरडी बनवणारा त्या नावाची उघडी डिस्क शोधतो. ती सापडली नाही तर क्रिप्टसेटअप आत न घालताच पेटी बंद करतो. पेटी तयार, पण नेमकी किल्लीच आत नाही.

म्हणून पहिल्यापासून: लाइव्हवर टर्मिनल उघडा आणि «सुडो क्रिप्टसेटअप ओपन» ला डिस्कच्या भागाचं नाव आणि त्यापुढे क्रिप्टटॅबमधलं नाव जसंच्या तसं द्या. क्रिप्टटॅब वाचायला एकदा डिस्क उघडावी लागेलच. ती वाचा, नाव कागदावर लिहा, डिस्क बंद करा, मग योग्य नावाने परत उघडा. त्यानंतर मूळ भाग माउंट, त्याच्या आत बूट आणि ईएफआय माउंट, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन बाइंड, क्रूट, आणि «अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के ऑल». बूट माउंट करायला विसरलात तर इनिटआरडी भलत्याच जागी लिहिली जाईल आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटेल.

शेवटी क्रूटमधूनच «एलएसइनिट्रॅमएफएस» ने पेटी उघडून आत क्रिप्टसेटअप हा शब्द आहे का ते ग्रेप करून बघा. असेल तरच रीस्टार्ट.

कोकणवाट | रविवार, दुपारी ४:३०

नावच चुकलं होतं. माझ्या क्रिप्टटॅबमध्ये एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट होतं. त्याच नावाने उघडून बनवली, आत क्रिप्टसेटअप दिसलं, लॅपटॉप सुरू झाला. कालपासून यात होतो. धन्यवाद.

सातपुडा | रविवार, सायंकाळी ५:१०

कृष्णाकाठ, तुमच्यासाठी पुढचं एक. बूटमध्ये १६७ उरलेत आणि एक पेटी १७१ ची आहे, म्हणजे पुढचा कर्नल अपडेट परत अडेल. ६.८ वर आठवडाभर सुरळीत चाललं की «सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज» करा. त्यातून ५.१५ गेले नाहीत तर निदान त्यातला जुना ॲप्टने नाव देऊन काढा. पण छपाई होईपर्यंत अपडेटच करू नका.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ९:००

उशिरा लिहितेय. मोक झालं. पहिल्या वेळी पुन्हा पडदा निसटला, दुसऱ्या वेळी पुतणी बोट कळीवर ठेवूनच बसली होती. बाहेरचा मॉनिटर लागला, शेवटची मुद्रितं त्यावरच मोठी करून वाचली. अपडेटची सूचना तीनदा आली, तीनदा नंतर म्हटलं.

प्रत आज दुपारी छपाईला दिली. ध्वनिमुद्रणं आता भावाच्या डिस्कवर एक आणि माहेरी एक अशी दोन ठिकाणी आहेत. शीर्षकात «सुटलं» जोडलंय.